काखेतला पट

पेल्यावर चमचा वाजला. एकदाच, किण् असा, आणि थांबला.

पेलिननं लॅपटॉपवरून मान वर केली. आतल्या खोलीत नेहिर नुकती झोपली होती. पाच वर्षांची पोर दुपारची झोपायला तयार नसते. तिला थोपटता थोपटता आईचाच डोळा लागायची वेळ येते, आणि त्यातून जी पाऊण तासाची शांतता हाती लागते ती आई चोरीच्या मालासारखी जपून वापरते. त्या शांततेत हा आवाज आला. बाबा चहात साखर ढवळत होते. उजवा हात चालत होता तेव्हा त्यांचा चमचा त्या बारीक कमरेच्या पेल्यात गोल फिरे आणि शेवटी तीनदा वाजे. हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि डाव्या हातातला चमचा काचेवर अडखळू लागला. तेव्हापासून पेलिन त्या आवाजावरून बाबांचा दिवस ओळखायची. गेला महिनाभर तो पुन्हा तीनदा वाजत होता. आज एकदाच वाजला.

"पेलिन," बाल्कनीशेजारच्या खुर्चीतून हाक आली. "जरा इकडे ये. आणि पोरीच्या त्या ठिपक्यांच्या वह्या आण. दोन्ही."

वह्या कुठे आहेत ते पेलिनला ठाऊक होतं, तरी ती उगाच दोन मिनिटं शोधत राहिली.

वास्फी काप्तान म्हटलं की कार्शियाकाच्या धक्क्यावर अजूनही माणसं खुर्ची सरकवून देत. एकतीस वर्षं त्यांनी इझमिरच्या खाडीत फेरीबोट या काठावरून त्या काठाला नेली. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी फक्त बैठक बदलली. सुकाणूसमोरून उठले ते धक्क्यालगतच्या कहवाखान्यात तावल्याच्या पटापुढे बसले. दोन फासे, पंधरा-पंधरा सोंगट्या आणि समोर एक माणूस, एवढ्यावर त्यांचा दिवस जाई. जिंकल्यावर पट मिटायचा आणि हरणाऱ्याच्या काखेत द्यायचा, ही तिथली रीत. 'जा, शिकून ये' एवढाच तिचा अर्थ. मग ते लाकडी धूड काखेत मारून हरणाऱ्यानं चारचौघांतून घरी चालत जायचं.

पेलिन आठ वर्षांची असताना बाबांनी तिला पहिल्यांदा हरवलं आणि पट तिच्या काखेत दिला. पट तिच्याहून रुंद होता. न्हावी दुकानाच्या दारात येऊन म्हणाला, "काय गं, निघालीस का शाळेला?" तिळाची कडी विकणारा गेव्रेकवाला इतका हसला, की त्याच्या डोक्यावरची पाटी हलली. ती हुंदके देत घरी आली तेव्हा आई बाबांवर तुटून पडली होती.

"एक डाव पोरीला सोडला असता तर तुमची बोट बुडाली असती?"

"आज सोडला, तर उद्या ती जिंकेल ते कुणाचं?" बाबा म्हणाले होते.

आठ वर्षं त्यांनी एकही डाव सोडला नाही. सोळाव्या वर्षी, मे महिन्यातल्या एका संध्याकाळी पेलिन जिंकली. बाबांनी पट स्वतः मिटला, स्वतःच्या काखेत मारला आणि मुद्दाम लांबच्या वाटेनं, सगळी गल्ली बघेल असा, घरी नेला. न्हाव्यानं हटकलंच, "काय काप्तान, या वयात शाळा?"

"मास्तरीण घरचीच आहे रे," बाबा म्हणाले.

पण माणसाला हवं ते आठवत नाही, बोचलेलं आठवतं. पेलिन मोठी झाली, शिकली, फोनवरचे खेळ करणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागली. खेळात नशीब किती घालायचं आणि कसब किती, हे ठरवणं हे तिचं काम. कंपनीनं तावला करायला घेतला, जगातल्या कुणीही कुणाशीही खेळावा असा, तेव्हा तिचा वरिष्ठ तोल्गा आकड्यांचा कागद घेऊन आला.

"फासा सरळ ठेवला तर कसबी माणूस शंभरातले सत्तर डाव मारतो," तो म्हणाला.

"बरोबर आहे की."

"बरोबर आहे. आणि हरलेले सत्तर आठवड्याच्या आत खेळ पुसून चालते होतात, हेही बरोबर आहे. पेलिनबाई, मला बरोबर नकोय. मला माणसं टिकायला हवीत."

"आणि कसबी माणूस नशिबानं हरला तर?"

"नशिबाला शिव्या घालेल आणि पुन्हा खेळेल. कसबी लोकांचं हेच बरं असतं. त्यांना वाटतं, पुढचा डाव आपलाच."

त्यावर झालेल्या बैठकीत पेलिननं आठ वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगितली. पट, न्हावी, हुंदके. सगळे गलबलले. सोळाव्या वर्षाची गोष्ट तिनं सांगितली नाही. तेव्हा ती आठवलीच नाही. आणि मग तिनं दिलाशाचा तक्ता बनवला. लागोपाठ हरणारा, नव्यानं आलेला, कच्चा खेळणारा वरच्या रकान्यात. त्याच्या अडचणीला हवं ते दान पडेल. फार जिंकणारा खालच्या रकान्यात. त्याचं दान ऐन वेळी फसेल. मध्ये 'सरळ फासा' असा तिसरा रकाना होता. त्यात कुणालाच टाकलं जात नाही, म्हणून पुढे तिनंच तो काढून टाकला. तक्ता सुटसुटीत झाला. तोल्गानं सगळ्यांना बाकलाव्याची मिठाई वाटली.

दोन वर्षांनी बाबांना झटका आला.

कहवाखान्यातली माणसं दोनदा भेटायला आली. बाबा त्यांच्याशी हवापाण्याचं बोलले आणि पट उघडायला नाही म्हणाले. तिसऱ्या मजल्यावरून उतरणं अवघड, हे निमित्त. खरं म्हणजे डाव्या हातानं फासा टाकताना कुणी बघावं, हेच त्यांना नको होतं. पेलिनचा नवरा ओनात मालवाहू जहाजावर, सहा-सहा महिने समुद्रात. घरात म्हातारा, पोर आणि ती. म्हणून एका सकाळी तिनं बाबांच्या फोनवर आपल्या कंपनीचा तावला घातला आणि दाखवलं, "हे बघा, डाव्या अंगठ्यानं नुसतं दाबायचं."

पहिले चार दिवस बाबा हरखले. नेहिर त्यांच्या गुडघ्याला टेकून बसे. ती त्यांना देदे म्हणे. आकडे शिकण्याचं वय. देदेला पडलेलं प्रत्येक दान ती पिवळ्या वहीत ठिपक्यांनी मांडी. मग बाबा हरू लागले. लागोपाठ, आणि असल्या-तसल्यांकडून. ज्यांना सोंगटी उघड्यावर टाकू नये एवढंही कळत नाही, त्यांच्याकडून. दाराशी पोचलेला डाव शेवटच्या दानाला फसे. बाबा खेळी पुन्हा पुन्हा मोजत.

"चुकत तर नाहीये मी," ते पुटपुटत. "का चुकतोय, आणि कळत नाहीये?"

व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या मुलीला त्यांनी एप्रिलमध्ये दारातूनच परत पाठवलं. पेलिननं रागावून विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "हात गेला ते समजत होतं. आता डोकंही गेलं. डोक्याशिवाय हात परत आणून काय करू, पोरी?"

त्या दिवशी तिला तक्ता आठवला. वास्फी काप्तान इतकं चांगलं खेळत होते, की तिसऱ्याच दिवशी खालच्या रकान्यात गेले असणार. सांगायचं तर काय सांगायचं? बाबा, तुमचं डोकं शाबूत आहे, फासा कुणीतरी धरलाय, आणि धरणारी मी?

फासा धरणं. बोटांत फासे चलाखीनं पकडून हवं ते दान पाडणं. तावला खेळणाऱ्याला याहून वाईट शिवी नाही. अकरा वर्षांपूर्वी हुल्कीनं, बाबांच्या फौजेतल्या दिवसांपासूनच्या दोस्तानं, एका डावात चार दुशेश टाकले. दुशेश म्हणजे दोन्ही फाशांवर सहा. बाबा भर कहवाखान्यात उभे राहिले आणि म्हणाले, "हुल्की, तू फासा धरतोस." हुल्कीनं टोपी उचलली आणि पुन्हा त्या पायरीवर पाऊल ठेवलं नाही. अकरा वर्षं.

"तोल्गा, एका खात्यावर सरळ फासा लावता येईल?" तिनं ऑफिसात विचारलं.

"सरळ फासा? तो रकाना तूच उडवलास की."

"परत घालायचा तर?"

"एका माणसासाठी? अगं, महिनाभराचं काम आहे ते. कोण आहे एवढं?"

"कुणी नाही," पेलिन म्हणाली. आणि मंगळवारी सकाळी अकरा वाजता, चहा पिता पिता, तिनं बाबांचं नाव खालच्या रकान्यातून उचलून वरच्या रकान्यात ठेवलं.

पुढचा महिना घरात सण असल्यासारखा गेला. बाबा जिंकायला लागले. आधी गप्प गप्प, मग दान ओरडत: "शेशबेश! दुशेश!" शेजारची बाई भिंतीवर थाप मारून विचारी, "काप्तान, कुणाला बुडवलंत?" त्यांनी डाव्या हातानं स्वतःची दाढी केली, गालावर दोन ठिकाणी कापून घेऊन. व्यायामाच्या मुलीला त्यांनी स्वतः फोन केला. उजव्या मुठीत रबरी चेंडू कोंबून ते तास तास बसत, आणि एक दिवस अंगठा हलला. पिवळी वही हरता हरताच संपली होती, आता नेहिरनं निळी वही काढली होती. एका डावात पाच दुशेश पडले त्या दिवशी बाबांनी सगळं घर डोक्यावर घेतलं आणि अकरा वर्षांनी हुल्कीचा नंबर फिरवायला लावला.

"काप्तान?" पलीकडून आवाज आला. "जिवंत आहेस अजून?"

"अर्धा आहे. रविवारी कहवाखान्यात ये. अर्ध्याला तरी हरवून दाखव."

हुल्की म्हणाला, "फासे पेल्यातून टाकू. म्हणजे तुझ्या मनात काही नको."

ठरलं. रविवारी वरच्या मजल्यावरची दोन पोरं बाबांना खुर्चीसकट खाली उतरवणार होती. कोटाला इस्त्री झाली होती. आज शनिवार.

पेलिननं वह्या बाबांच्या मांडीवर ठेवल्या. त्यांनी निळी उघडली. नेहिरचे ठिपके, काही गोल, काही शेपटीवाले. मध्येच एका कोपऱ्यात मांजर.

"हुल्कीला दाखवावं म्हणून सकाळी मोजायला घेतलं," बाबा म्हणाले. "म्हटलं, बघ लेका, कशी दानं पडतात मला. छत्तीस दानांत एक दुशेश. असंच ना?"

"असंच."

"पिवळ्या वहीत चारशे दानं भरतात. दुशेश दोन." त्यांनी बोट दुसऱ्या वहीवर ठेवलं. "निळीतली चारशेच मोजली. दुशेश एकोणचाळीस."

"नेहिर चुकली असेल मांडताना," पेलिनच्या तोंडून गेलं, आणि स्वतःचं पाप आत झोपलेल्या पोरीच्या अंगावर ढकलल्याची लाज तिच्या कानापर्यंत चढली.

"पोर सहापर्यंत चुकत नाही," बाबा म्हणाले. "मी शिकवलंय तिला."

खाली धक्क्यावर बोटीचा भोंगा झाला. बाबांनी सवयीनं घड्याळाकडे पाहिलं.

"कोण धरतंय फासा?"

पेलिननं निळी वही मिटली.

"तुमच्या ऑफिसातलं कुणी असेल. तो तोल्गा असेल. असल्या धंद्यात चालत असेल. सांग, मी कुणाला बोलणार नाही."

ते तिला वाट काढून देत होते. हो म्हणायचं, की संपलं. तोल्गाचं नाव तिच्या जिभेवर आलंसुद्धा.

"मी, बाबा."

त्यांनी मान हलवली, जणू कुणी बोट किती वाजता सुटते ते सांगितलं.

"पिवळी की निळी?"

"दोन्ही."

मग तिनं सगळं सांगितलं. तक्ता, रकाने, मंगळवार. सांगताना तिच्या लक्षात येत होतं, की ऑफिसात जे इतकं मायेचं वाटलं होतं ते या खोलीत भलतंच ऐकू येतंय. बाबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "या आठशे दानांत माझे डाव किती? मी माझ्या अकलेनं जिंकलेले, नाहीतर हरलेले?"

"ते नाही कळत. तसं लिहून ठेवत नाही आम्ही."

"बरं."

"बाबा, पण तुम्ही उठलात ना. अंगठा हलला, तो काही मी हलवला नाही. डॉक्टर म्हणाले—"

"पोरीला भरवताना 'हा घास चिऊचा' करतेस, तसं केलंस माझं." त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "आणि मी आ करत गेलो. हुल्कीच्या हातून चार पडले, तर मी त्याला चोर म्हणालो. माझ्या हातून पाच पडले, तर मी त्याला अक्कल म्हणालो."

पेलिन उठली. कपाटावरून तिनं जुना पट काढला, बाहीनं धूळ पुसली, बाबांपुढच्या मेजावर उघडला आणि भराभर सोंगट्या मांडल्या. "आपण खेळू. आत्ता. हे फासे कुणी धरले नाहीत. तुम्हीच बघाल तुमचं डोकं कसं आहे ते."

बाबांनी डाव्या मुठीत फासे घेतले. ते खुळखुळले. पाच महिन्यांत तो आवाज या घरात झाला नव्हता. पेलिनला वाटलं, टाकतील. त्यांनी मूठ उघडली आणि फासे हलकेच पटाच्या कडेवर ठेवून दिले.

"जिंकलो, तर मी पटाकडे बघणार नाही. तुझ्या तोंडाकडे बघत बसेन."

"मी नाही सोडणार डाव. शप्पथ."

"मी तुला आठ वर्षं सोडला नाही. तुझी आई मरेपर्यंत मला त्यावरून बोलत राहिली. सोळाव्या वर्षी जिंकलीस, त्या रात्री झोपताना एकदा तरी मनात आलं, की बाबानं मुद्दाम सोडला असेल?"

"नाही."

"तेवढंच दिलं होतं मी तुला," बाबा म्हणाले. "हुल्कीला कळव, उद्या नको म्हणून."

"काय सांगू त्यांना?"

"खरं सांग. नाही जमलं, तर तुला जमतं तसं सांग."

त्यांनी पट मिटायला घेतला. एका हातानं. सोंगट्या आत गडगडल्या, एक खाली पडून मेजाखाली गेली. पितळी कडी लागेना. पेलिननं मदतीला हात पुढे केला, त्यांनी नुसतं पाहिलं, आणि तिनं हात मागे घेतला. तिसऱ्या खेपेला कडी बसली. मग त्यांनी पट उभा केला, छातीला टेकवला आणि डाव्या हाताच्या रेट्यानं तिच्याकडे सरकवला. ती मेजाला वळसा घालून जवळ गेली. काही विचारलं नाही. आपणहून खाली वाकली, हात उचलला, आणि त्यांनी पट तिच्या काखेत दिला.

आता तो तिच्याहून रुंद नव्हता. तरी तिला सावरेना.

दारात चाहूल लागली. नेहिर उठून आली होती. गालावर उशीची घडी उमटलेली, एकाच पायात मोजा. तिनं देदेकडे पाहिलं, ते खाडीकडे तोंड करून बसले होते. तिनं आईच्या काखेकडे पाहिलं. देदेनं तिला सगळ्या रीती शिकवल्या होत्या.

"आई, तू हरलीस?"

पेलिननं हो म्हणून मान हलवली.

नेहिरनं मेजाखालची सोंगटी उचलली, आईच्या मोकळ्या हातात ठेवली आणि विचारलं, "पण तू खेळत कुणाशी होतीस?"